येरळवाडीचे रोहित फिकट का दिसतात? पक्ष्यांचे फोटो संगणकावर किती सुधारावेत?

खटावचा_वारा

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात नोकरीला, मूळ गाव खटाव तालुक्यात. गेल्या दिवाळीत एक जुना कॅमेरा आणि १५०-६०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी सेकंडहँड लेन्स घेतली. जानेवारीत दोन रविवार येरळवाडीच्या तलावावर पहाटेपासून बसलो. रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, पाण्यात उभे होते. ऊन वर आलं तसा थवा उठला आणि पंखांखालची लाली दिसली. अंगावर काटा आला.

घरी येऊन लॅपटॉपवर बघतो तर सगळं पांढरट. ती लाली कुठंच नाही. पोटाकडचा पांढरा भाग सपाट, कागद चिकटवल्यासारखा. पहाटेच्या फोटोंत तर नुसते दाणेच दाणे, ज्याला नॉइज म्हणतात. एका मित्राने प्रीसेट, म्हणजे रंग-उजेडाची आधीच ठरवलेली सेटिंग, दिली. एक क्लिक केली आणि अख्खा थवा गुलाबी झाला. मी खूश होऊन फोटो पक्षिनिरीक्षकांच्या ग्रुपवर टाकला. तिथल्या एका जाणत्या काकांनी विचारलं, "हे लहान रोहित का? आपल्याकडे कधी उतरले?" आणि मी उत्तर देईपर्यंत चार जणांनी "येरळवाडीला लहान रोहित" असं पुढं पाठवलंसुद्धा.

नंतर कळलं की मोठा रोहित आणि लहान रोहित या दोन वेगळ्या जाती आहेत. मोठा फिकट असतो आणि लहान गडद गुलाबी. माझ्या एका क्लिकने पक्ष्याची जातच बदलली. हे मला फार लागलंय. तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. मी डोळ्यांनी जे पाहिलं ते फोटोत परत आणायचं कसं? आणि कुठं थांबायचं?

कोयनाकाठ

रॉ मध्ये काढता का जेपेगमध्ये?

खटावचा_वारा

जेपेग. रॉ फाइल मोठी होते आणि लॅपटॉपवर उघडतही नाही, म्हणून कधी काढली नाही.

कोयनाकाठ

मग अर्धं उत्तर इथंच मिळालं. रॉ म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची फाइल, घरातलं धान्य. जेपेग म्हणजे कॅमेऱ्याने तयार करून दिलेला फोटो, गिरणीतून दळून आणलेलं पीठ. पीठ एकदा बारीक झालं की त्याचा रवा होत नाही. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. १२ बिटच्या रॉ मध्ये ४,०९६ आणि १४ बिटच्या रॉ मध्ये १६,३८४. रोहिताच्या छातीवर पांढऱ्यातून गुलाबीत जो हलका उतार असतो, तो या पायऱ्यांवर उभा असतो. पायऱ्या कमी असल्या आणि तुम्ही रंग ओढला की उताराचे पट्टे पडतात.

लॅपटॉपवर उघडत नाही म्हणता, तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी टाकून बघा. दोन्ही फुकट आहेत आणि बहुतेक कॅमेऱ्यांच्या रॉ फाइल उघडतात. कॅमेऱ्याच्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअरही बहुधा मोफत मिळतं. पैसे घालायची तयारी असेल तर लाइटरूम आहेच.

जसं_दिसलं_तसं

मी वेगळं बोलतो, राग मानू नका. फोटोवर हात फिरवणंच मला पटत नाही. कॅमेऱ्यातून जे निघालं ते खरं, बाकी सगळा मेकअप. पक्षी सुंदरच असतो, त्याला आपण काय सजवणार? खटावच्या दादांचा घोटाळा त्यातूनच झाला ना? मी आजवर एकही फोटो सॉफ्टवेअरमध्ये उघडला नाही.

माणगंगा

दादा, तुम्ही उघडला नाही पण तुमच्या कॅमेऱ्याने उघडलाय. जेपेग बनवताना कॅमेरा स्वतःच कॉन्ट्रास्ट वाढवतो, रंग चढवतो, धार काढतो, दाणे पुसतो. मेनूत "व्हिव्हिड" आणि "न्यूट्रल" बदलून एकच बगळा दोनदा काढा. दोन बगळे दिसतील. त्यातला खरा कोणता?

मिरजेचा_स्टुडिओ

या वादात मला बोलू द्या. मिरजेत ३५ वर्षं स्टुडिओ चालवला, त्यातली निम्मी वर्षं डार्करूममध्ये गेली. तांबड्या दिव्यात, फोटो धुण्याच्या हायपो रसायनाच्या वासात.

लोकांना वाटतं पूर्वी फोटो काढला की तसाच यायचा. कधीच नाही. लग्नाच्या फोटोत नवरदेवाचा चेहरा काळवंडलेला आणि नवरीच्या पांढऱ्या शालूवरची जर गायब, हे ठरलेलं. मी सायकलच्या स्पोकला पुठ्ठ्याची रुपयाएवढी टिकली लावून ठेवली होती. निगेटिव्ह मोठी करून दाखवणाऱ्या एन्लार्जरचा उजेड ब्रोमाइडच्या कागदावर पडत असताना ती टिकली चेहऱ्यावर हलवत राहायची, म्हणजे तेवढ्या जागी उजेड कमी पडून चेहरा उजळायचा. मग मधे भोक पाडलेला पुठ्ठा घेऊन शालूवर चार सेकंद जादा उजेड द्यायचा, म्हणजे जर उमटायची. हात एका जागी थांबला की भोवती गोल दिसायचा आणि कागद वाया. कागद महाग, त्यामुळं हात आपोआप शहाणा झाला.

आता मुलगा संगणकावर मास्क लावून, म्हणजे फोटोचा हवा तेवढाच भाग निवडून, माऊसने हेच करतो. गोष्ट तीच आहे. जर मी रंगवली नव्हती. ती निगेटिव्हमध्ये होती, मी फक्त कागदावर आणली.

एक फरक मात्र नीट लक्षात ठेवा. निगेटिव्हमध्ये सावलीत काही नसलं की ते गेलं. डिजिटलमध्ये उजेडात काही नसलं की ते गेलं. रोहिताचं पोट सपाट पांढरं आलंय, तिथं माहितीच नाही. कुठलंही सॉफ्टवेअर तिथलं पीस परत आणणार नाही. ते तलावावरच सांभाळायला हवं होतं.

जसं_दिसलं_तसं

काका, हे मला माहीत नव्हतं. विचार करतो.

खटावचा_वारा

काका, तलावावर कसं सांभाळायचं? कॅमेरा ऑटोवर होता.

मिरजेचा_स्टुडिओ

गडद पाण्यात पांढरा पक्षी असला की कॅमेरा बिचारा सरासरी काढतो. पाणी काळं दिसलं म्हणून उजेड वाढवतो आणि पक्षी जळतो. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करायची सोय, उणे ०.७ किंवा उणे १ करा. आभाळात उडणारी घार काढताना उलटं, अधिक करा. नाहीतर नुसती काळी सावली येते. आणि जळालेला भाग लुकलुकून दाखवायची सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती चालू ठेवा. पिसावर लुकलुक दिसली की थोडं खाली या. पाण्याच्या चमकेवर दिसली तर सोडून द्या.

पलूसच्या_बाई

रंगाबद्दल माझा अनुभव सांगते, कारण खटावच्या दादांसारखंच माझ्याही हातून झालंय.

मी पलूस तालुक्यात शाळेत शिकवते. मुलांना घेऊन नदीवर जातो. एकदा छोटा खंड्या, ज्याला धीवर म्हणतात, तो अगदी समोरच्या वाळक्या काठीवर बसला. मुलांनी आळीपाळीने दुर्बिणीतून पाहिला. मी फोटो काढला. घरी आल्यावर पोटाचा केशरी रंग मला जरा भडक वाटला, म्हणून सॉफ्टवेअरमधली नारिंगी रंग कमी-जास्त करायची पट्टी खाली ओढली. छान सौम्य झाला. दुसऱ्या दिवशी वर्गात दाखवला तर सातवीतली एक मुलगी उठून म्हणाली, "बाई, काल तर मादी होती. खालची चोच केशरी होती की."

तिचंच बरोबर होतं. धीवराच्या नराची चोच सगळी काळी असते आणि मादीच्या खालच्या चोचीला केशरी रंग असतो. मी पट्टी पोटासाठी ओढली होती, पण चोचीचा रंगही तिच्याबरोबर उतरला होता. त्या दिवसापासून मी रंगाची पट्टी हलवली की आधी चोच, डोळा आणि पाय बघते. शिक्रा घ्या. पिल्लाचा डोळा पिवळा, वयात आलेल्या नराचा लाल. डोळ्याचा रंग जरा "खुलवला" की पक्ष्याचं वय बदललं.

आणि खंड्याच्या पाठीचा निळा हा रंगद्रव्याचा रंग नाही. पिसाच्या आतल्या बारीक रचनेमुळे प्रकाश असा विखुरतो की आपल्याला निळा दिसतो. म्हणून तोच पक्षी कोवळ्या उन्हात निळाशार आणि झाडाच्या सावलीत मंद दिसतो. सावलीतल्या फोटोत उन्हातला निळा भरायला गेलं की तो खोटा वाटतो, का ते सांगता येत नाही पण वाटतो. रोहिताचं वेगळं. त्याचा गुलाबी खाण्यातून येतो, शेवाळ आणि बारीक जीवांतल्या कॅरोटिनॉइडमधून. त्यामुळं थव्यात प्रत्येक पक्ष्याची छटा निराळी असते. सगळे एकसारखे गुलाबी झाले की समजावं, आपण जास्त केलं.

दादा, लहान-मोठा रोहित ओळखताना रंगाआधी चोच बघत जा. मोठ्याची चोच गुलाबी आणि टोकाला काळी. लहानाची गडद किरमिजी, लांबून काळपटच वाटते.

वारणेचा_वाघ

सातवीतल्या त्या मुलीला माझ्याकडून भडंगाचा पुडा!

पलूसच्या_बाई

तिला सांगितलं. ती म्हणते तिखट हवं.

एमआयडीसी_सातारा

आता हाताने काय करायचं ते सविस्तर लिहितो. मी कारखान्यात क्वालिटीला आहे, त्यामुळे क्रमाची सवय लागलीय.

आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे उजेडाची पिवळी-निळी झाक. पहाटेचा फोटो सोनेरी असतो, तो दुपारसारखा पांढरा करू नका, पहाट निघून जाते. दाट सावलीतला निळसरपणा मात्र काढा. मग एक्स्पोजर म्हणजे एकूण उजेड, हायलाइट म्हणजे उजळ भाग खाली, शॅडो म्हणजे गडद भाग थोडे वर. शॅडो फार उचलले की पंखाखाली राखाडी धूर दिसतो आणि लपलेले दाणे वर येतात.

दाणे काढायचे ते धार देण्याच्या आधी. उलटं केलं की दाण्यालाच धार लागते. लाइटरूममध्ये २०२३ पासून एआयवर चालणारं डिनॉइज, म्हणजे दाणे पुसायचं साधन, आलंय आणि कमी उजेडात ३२०० आयएसओवर काढलेल्या दाणेदार फोटोवर ते खरंच कमाल करतं. पण पट्टी पूर्ण नेऊ नका. मी एकदा सुगरणीच्या फोटोवर ती शंभरला नेली. डोकं मेणाचं झालं. फार लांबच्या, फार दाणेदार पक्ष्यावर तर ही साधनं स्वतःच्या मनाने पिसं काढून देतात. दिसायला सुरेख, पण त्या पक्ष्याची नव्हेत. म्हणून माझा नियम असा: १०० टक्के झूम करायचा आणि आधीचा-नंतरचा फोटो शेजारी ठेवायचा. नंतरच्या फोटोत पिसावर अशी रेघ दिसली जी आधीच्यात धूसरसुद्धा नाही, की पट्टी मागं.

दाणे आभाळात आणि पाण्यात डोळ्याला खुपतात, पिसांत फारसे खुपत नाहीत. म्हणून पार्श्वभूमीवर मास्क लावून तिथं जास्त पुसा, पक्ष्यावर कमी.

धार द्यायची ती फक्त पक्ष्याला, त्यातही डोळा आणि त्याभोवतीची पिसं. लाइटरूममध्ये शार्पनिंगची मास्किंग पट्टी ऑल्ट दाबून ओढली की पडदा काळा-पांढरा होतो. पांढरं दिसेल तिथंच धार लागते. आभाळ पूर्ण काळं होईपर्यंत ओढा. आणि क्लॅरिटी, म्हणजे कडा उठावदार करणारी पट्टी, जपून वापरा. पांढऱ्या बगळ्याभोवती काळी किनार किंवा काळ्या पाणकावळ्याभोवती उजळ किनार दिसली की हात जड पडला असं समजा.

क्रॉप, म्हणजे फोटो कडेने कापणं, शेवटी. २४ मेगापिक्सेल म्हणजे ६००० गुणिले ४००० ठिपके. रुंदी निम्मी आणि उंची निम्मी कापली की उरतात ६ मेगापिक्सेल, म्हणजे पाव. हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. त्यानंतर पुन्हा निम्मं केलं तर दीड मेगापिक्सेल. मोबाइलवर चालेल, भिंतीवर नाही. आणि पक्षी ज्या दिशेला बघतोय तिकडं जागा सोडा. भिंतीला नाक लावून उभा केल्यासारखा कापू नका.

विट्याचा_पोरगा

माझ्याकडं कॅमेरा नाही. मोबाइल दुर्बिणीला लावून काढतो. वेड्या राघूचा एक बरा आलाय पण कडेला काळं वर्तुळ येतं. मी काय करू शकतो?

कोयनाकाठ

वर्तुळ कापून चौकोनी कर, एवढं सोपं आहे. स्नॅपसीड फुकट आहे, त्यात डोळ्यावर बोट ठेवून तेवढ्याच जागी उजेड वाढवता येतो. फोनच्या कॅमेऱ्यात रॉ ची सोय असेल तर तीही वापर. आणि व्हॉट्सअॅपवर फोटो म्हणून पाठवू नकोस, तिथं तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठव. शेपटीतून निघालेल्या दोन बारीक काड्या फोटोत पूर्ण आल्यात ना? कापताना त्या जाऊ देऊ नकोस. वेड्या राघूच्या पिल्लांना त्या नसतात, कुणी बघेल तर पिल्लूच म्हणेल.

विट्याचा_पोरगा

आल्यात. थँक्यू दादा.

घाटमाथा

क्रॉपवरून आठवलं. लोक पक्षी लांब म्हणून कापतात आणि मग दाण्यांशी भांडतात. त्यापेक्षा थांबा. कासच्या रस्त्याला यवतेश्वरच्या पुढं मी एका झुडपाजवळ दीड तास न हलता बसलो होतो. नाचण स्वतःहून सात-आठ फुटांवर आला आणि माझ्या बुटाजवळचे किडे टिपू लागला. त्या फोटोला काही म्हणजे काही करावं लागलं नाही. आणि पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवर या, जमिनीवर आडवे व्हा. उभ्याने काढलेला आणि आडवं होऊन काढलेला फोटो, यातला फरक कुठल्या पट्टीत नाही.

भिलवडी_घाट

कृष्णेच्या काठाला आडवे होऊ नका हो! आमच्याकडं मगरी आहेत. मजेत सांगत नाही. मळीच्या रानाला, पाण्याच्या कडेला कुणी चिखलात पालथं पडून तुतवाराचा फोटो काढत बसलं तर गावातली माणसं ओरडून उठवतात. आमच्या काठावर उभ्यानेच काढा, किंवा होडीतून, नावाडी सोबत घेऊन.

घाटमाथा

बरं झालं सांगितलंत. माझा सल्ला फक्त माळासाठी आणि घाटमाथ्यासाठी.

हरिपूरची_पार

सांगलीकरांची एक वेगळी अडचण मांडते. हिवाळ्यात सकाळी नदीवर धुकं असतं, त्यात गुऱ्हाळाचा आणि पाचट जाळल्याचा धूर मिसळतो. आयर्विन पुलाच्या खाली कवड्या खंड्या पाण्यावर थरथरत एका जागी थांबतो, सूर मारतो, सगळं दिसतं, पण फोटो करडा येतो. डिहेझ, म्हणजे धुरकटपणा काढायची पट्टी, ओढली की पक्षी उठून दिसतो पण मागचं पाणी डांबरासारखं होतं.

एमआयडीसी_सातारा

ताई, डिहेझ पूर्ण फोटोला देऊ नका. पक्ष्यावर मास्क घेऊन १०-१५ द्या आणि धुकं राहू द्या. सांगलीची सकाळ तशीच असते. धुकं काढून टाकलं तर तो फोटो कुठल्याही नदीचा होईल.

हरिपूरची_पार

करून पाहिलं. पक्ष्याच्या पाठीवरचे काळे-पांढरे ठिपके मोकळे झाले आणि मागं पूल पुसट दिसतोय तसाच राहिला. खूप दिवस अडले होते हो. मनापासून आभार.

माणगंगा

धुकं आणि उन्हाचा थरथराट यात मात्र फरक करा. फेब्रुवारीनंतर सूर्याचीवाडी, मायणी, येरळवाडी, कुठंही दहाच्या पुढं पाण्यावर हवा उकळल्यासारखी हलते. त्या हवेतून ६०० च्या लेन्सने काढलेला पक्षी पाण्यात बुडालेल्या नाण्यासारखा वेडावाकडा दिसतो. लेन्स खराब म्हणून लोक दुरुस्तीला नेतात. ती लेन्सची चूक नाही आणि नंतर कशानेच सुधारत नाही. लवकर जा, जवळचा पक्षी काढा. जवळचा म्हणजे तो आपणहून जवळ आलेला. रोहितांच्या थव्यात चालत जाऊन त्यांना उडवणारे लोक मी पाहिलेत, फक्त पंखांची लाली फोटोत यावी म्हणून. लांबून आलेले पक्षी असतात, खायला उतरलेले. पुन्हा पुन्हा उडवले की तलाव सोडून जातात.

खटावचा_वारा

माझ्या वेळी थवा घारीमुळे उठला होता. पण हे सांगितलंत ते बरं केलंत, ग्रुपवर लिहितो.

दंडोबाचा_डोंगर

पुसण्याबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. काडी पुसावी का, पान पुसावं का, यावर प्रत्येकाचं मत वेगळं. मोठ्या वन्यजीव छायाचित्र स्पर्धांत काही घालायला किंवा काढायला बंदी असते आणि शेवटच्या फेरीत मूळ रॉ फाइल मागतात. घरच्या भिंतीसाठी एखादी काडी पुसली तर माझी हरकत नव्हती. आता आहे, का ते सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या तलावावर पट्टकादंब हंस उतरले होते. हिमालय ओलांडून येतात ते. त्यातल्या एकाच्या गळ्याला रंगीत काहीतरी अडकलेलं फोटोत दिसत होतं. मला वाटलं प्लास्टिक, कुठल्या तरी पिशवीचा तुकडा. वाईट वाटलं, फोटोही विद्रूप दिसत होता. दहा मिनिटं बसून ते इतकं सफाईने पुसलं की मला स्वतःचंच कौतुक वाटलं. मूळ फाइल जागा खाते म्हणून उडवली.

महिन्याभराने एका अभ्यासकाला फोटो दाखवताना सहज बोललो, "याच्या गळ्यात प्लास्टिक होतं, मी काढलं." तो गप्प झाला. मग हळू आवाजात म्हणाला, "त्यावर अक्षरं होती का?" मंगोलियात या हंसांच्या गळ्यात क्रमांकाचे पट्टे घालतात. तो क्रमांक वाचला की पक्षी कुठून कधी निघाला हे कळतं. मी तो पट्टा पुसला होता. अक्षरं होती की नव्हती, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. तो हंस परत कधी दिसला नाही.

मूळ फाइल कधी उडवू नका. एवढंच मागणं आहे.

पलूसच्या_बाई

वाचून पोटात कालवलं. मुलांना सांगणार आहे हे.

मिरजेचा_स्टुडिओ

म्हणून मी निगेटिव्ह आजही पत्र्याच्या डब्यात ठेवल्यात. दंडोबा, मन लावून घेऊ नका. तुमच्यामुळं आज इथले कितीतरी पट्टे वाचतील.

जसं_दिसलं_तसं

दंडोबांचं वाचून आणि काकांचं वाचून माझं मत थोडं बदललं. उजेड-सावली करायला माझी आता हरकत नाही. पुसायला आहे, आणि राहील.

कराडचा_संगम

प्रिंटचं कुणी बोलत नाही! नोव्हेंबरमध्ये ५ ते १२ पक्षी सप्ताह असतो, १२ ला सालिम अलींचा जन्मदिवस. आमच्या मंडळाने शाळेत प्रदर्शन ठेवलं होतं. मी १२ बाय १८ चे नऊ फोटो छापून आणले. सगळे काळपट. भारद्वाजाचा लाल डोळा सोडला तर बाकी अंधार. लॅबवाल्याशी भांडलो. त्याने शांतपणे त्याच्या पडद्यावर फाइल उघडून दाखवली, तिथंही काळपटच. मी रात्री खोलीतला दिवा बंद करून, लॅपटॉपचा उजेड पूर्ण वाढवून काम करत होतो. पडदा इतका उजळ की फोटो मला उजळच वाटायचा, म्हणून मी खाली खाली आणत गेलो. आता पडद्याचा उजेड निम्म्यावर ठेवतो, खोलीत दिवा लावतो आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत गडद-उजळ किती आहे ते दाखवणारा आलेख, बघतो. डोळा फसतो, हिस्टोग्राम नाही.

एमआयडीसी_सातारा

बरोबर. आणि फाइल बाहेर काढताना कलर स्पेस, म्हणजे रंगांची मोजपट्टी, एसआरजीबी ठेवा, मोबाइल बहुधा तीच समजतात. प्रोफोटो या मोठ्या मोजपट्टीत काढलेली फाइल मोबाइलवर मेलेली दिसते, मग लोक पुन्हा रंग चढवतात. खटावकर, मित्राने तो प्रीसेट कदाचित अशाच एखाद्या मेलेल्या फाइलवर बनवला असेल. प्रीसेट हा दुसऱ्याच्या मापाचा सदरा असतो.

वारणेचा_वाघ

वारकरी पक्ष्याचा फोटो काढलाय, काळा पक्षी आणि कपाळावर पांढरा टिळा. टिळा जळाला. आषाढीच्या आत सुधारेल का?

मिरजेचा_स्टुडिओ

रॉ असेल आणि टिळा अगदीच जळाला नसेल तर हायलाइट खाली ओढ, परत येईल. जेपेग असेल तर पुढच्या वारीला उणे एक करून काढ.

खटावचा_वारा

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय. सगळं एका वहीत लिहून काढलं होतं. परवा पुन्हा येरळवाडीला गेलो. रॉ चालू, उणे ०.७, १/२००० शटर. थवा कमी झालाय, पण होता. घरी डार्कटेबलमध्ये उघडला तेव्हा आधीपेक्षाही अंधारा वाटला आणि जरा धास्तावलो. मग उजेड वर घेतला, हायलाइट सांभाळले, व्हाइट बॅलन्स पहाटेचाच ठेवला. रंगाच्या पट्टीला हात लावला नाही. तरी पंखांची लाली आली. पोटावरची पिसं एकेक सुटी दिसतात. बायकोला दाखवला, ती म्हणाली, "हा बघ, हा तू सांगत होतास तसा आहे."

ग्रुपवर माझी चूक कबूल करून दुरुस्ती टाकली. ज्या चौघांनी पुढं पाठवलं होतं त्यांना एकेकाला फोन केला. ग्रुपवरचे ते जाणते काका रागावले नाहीत, उलट म्हणाले चोच न बघता विचारलं ही आपलीही घाई झाली.

आणि एक गोष्ट. दंडोबांचं वाचल्यावर मी जानेवारीची जुनी मूळ जेपेग परत उघडली, त्या प्रीसेटच्या आधीची. थव्याच्या डाव्या कडेला तीन पक्षी आहेत, बाकीच्यांपेक्षा करडे, मळकट, पायही काळसर. तेव्हा मला ते सावलीतले वाटले होते आणि प्रीसेटने त्यांनाही गुलाबी करून टाकलं होतं. बाई, ही पिल्लं असतील का?

पलूसच्या_बाई

हो दादा! करडा रंग आणि काळसर पाय म्हणजे कोवळ्या वयाचे. गुलाबी व्हायला त्यांना काही वर्षं लागतात. ही नोंद महत्त्वाची आहे, मूळ फोटोसकट द्या. फोटो सपाट असला तरी चालेल.

खटावचा_वारा

देतो आजच. त्याला काहीच करणार नाही, फक्त ते तिघं कुठं आहेत तिथं बाण दाखवतो वेगळ्या प्रतीवर.

पुढच्या रविवारी परत जातोय. कुणी येणार का? वडूज स्टँडवर पहाटे पावणेसहा.

विट्याचा_पोरगा

मी येतो. दुर्बीण आणतो.

जसं_दिसलं_तसं

मीपण. रॉ कसं चालू करायचं ते तिथंच दाखवा.